आडून घेतलेलं नाव

“…पण आत्या, फळच पदरात पडलं नाही, तर उद्यापन तरी कशाचं करायचं?”

आत्यांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून त्या वाती वळत होत्या. मांडीवर पिंजलेला कापूस, शेजारी करवंटीत राख. राखेत बोटं बुडवायची, कापसाला पीळ द्यायचा, वात ताटलीत टाकायची.

“व्रत कसलं?”

“घोड्याचं.”

आता मात्र आत्यांचा हात थांबला.

“ऐकलं नव्हतं बाई हे कधी!”

वैदेहीला थोडं हसू आलं. आलं तसंच विझलं.

ओट्यासमोर दगडांचा बुटका गडगा होता आणि गडग्यापलीकडं सुभेदार काकड्यांचं मैदान. फौजेतून परतल्यावर सुभेदारांनी या माळावर घोडी पाळली आणि हौशी लोकांना घोड्यावर बसायला शिकवायचं आरंभलं. आत्ता मैदानात एकच घोडी गोल फिरत होती. कोयना तिचं नाव. तांबूस रंगाची, अंगानं थोराड, स्वभावानं गरीब. लांब दोरीचं टोक हातात धरून सुभेदार मधोमध उभे होते. घोडीवर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते.

ते वैदेहीचे यजमान.

गेल्या चंपाषष्ठीपासून ते घोडेस्वारी शिकत होते. आणि दर वेळी पहिलाच धडा शिकत होते.

कारण मागचा धडा त्यांना आठवत नसे. मागचं काहीच आठवत नसे. ज्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला ती शाळा, घराची वाट, जेवण झालं की व्हायचंय… फळा पुसावा तसं एकेक पुसत गेलं. एवढंच उरलं, की लहानपणी घोड्यावर बसायचं होतं आणि कुणी बसवलं नव्हतं. एका सकाळी उठून ते म्हणाले, “घोडा कुठाय?” दिवसभर तेच म्हणत राहिले. शेवटी वैदेहीनं चौकशी केली आणि त्यांना इथं घेऊन आली.

“आज पहिलाच दिवस ना माझा?” ते रिकिबीत पाय घालताना विचारत.

“होय सर, पहिलाच,” सुभेदार म्हणत. “घाबरायचं नाही.”

एवढा मिश्यांचा माणूस, पण कधी चुकूनही म्हणाला नाही, की सर, हे कालच सांगितलं.

यजमान शिकत, तोवर वैदेही मठाच्या ओट्यावर बसून घोडे काढी. पॅडला कागद लावायचा, पेन्सिल घ्यायची. त्यांच्या घराण्यात दुखणं बरं झालं, की कुलदैवताला पितळेचा घोडा वाहायची रीत. बरं होईपर्यंत वाट कोण बघणार? तिनं ठरवलं, धड्याच्या दिवशी कागदावर घोडा काढायचा आणि संध्याकाळी देवापुढं ठेवायचा. ते शिकतायत तोवर मी काढीन. ते बरे होतील तेव्हा उद्यापन करीन.

चित्रकला तिला कुठली येणार! हाताला वळण सगळं रांगोळीचं. पहिले घोडे ठिपक्यांवरच उभे राहिले. पाय चार दिशांना आणि तोंड मांजराचं. सुभेदारांनी एकदा डोकावून विचारलं होतं, “वहिनी, हे कुठलं जनावर म्हणायचं?” पण व्रतानं हात बसत जातो. आता तिचे घोडे घोड्यासारखे दिसत. बघणारे थांबून बघत. तिलाही ते ठाऊक होतं, आणि मनात कुठंतरी ते बरंही वाटे. ती शिकली होती. ते मात्र होते तिथून मागंच गेले होते.

“सुभेदार म्हणाले,” वैदेही सांगू लागली, “वहिनी, आजच्यानंतर नको. सरांची मांड सुटायला लागलीय.”

मांड म्हणजे स्वाराची घोड्यावरची पकड. तिनं जन्मभर पूजा मांडल्या, चौरंग मांडले, संसार मांडला. मांड सुटते, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“मग सोड,” आत्या म्हणाल्या.

“काय?”

“व्रत.”

“असं कसं सोडायचं, आत्या? घेतलेलं व्रत आहे!”

“मग धर.”

“धरून काय करू? तसूभर गुण नाही. त्यांच्या आठवणीतून माझं नाव गेलं. चेहरा गेला. आता…”

“देवाला घोड्यांचा बाजार भरवायला सांगितला होता कुणी?”



आत्यांचं बोलणं असंच. भाऊ या मठाचा महाराज होता. तो गेल्यावर गादी बहिणीकडं आली. महाराज म्हणवून घ्यायला तिनं साफ नकार दिला. मग सारं गाव तिला आत्याच म्हणू लागलं. लोक पाया पडायला येत आणि ओरडा खाऊन जात. तरी पुन्हा येत.

“आण इकडं. बघू तुझं घोडं.”

आत्यांनी हात न पुसता पॅड घेतलं. कागदावर कोयना होती. मान किंचित खाली, एक पाय उचललेला, शेपूट वाऱ्यावर.

बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“चांगलं काढलंयस.”

“कसलं चांगलं…” वैदेही म्हणाली. पण पाठ जरा ताठ झाली.

“आणि मालक कुठाय याचा?”

“म्हणजे?”

“वर कुणीच नाही.”

 तेवढ्यात टापा जवळ आल्या. सुभेदारांनी दोरी सैल सोडली होती आणि घोडी पाणी प्यायला गडग्याजवळच्या डोणीपाशी येऊन थांबली होती. यजमानांनी वरून ओट्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

“नमस्कार, बाई. चित्र काढता वाटतं?”

“होय.”

“दाखवा की.”

आत्यांनी पॅड उचलून धरलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, मुलांचे नकाशे तपासत तसं.

“हुबेहूब! ही आमचीच घोडी. पण बाई… घोडं रिकामंच परत आलं का हो?”

वैदेहीचा हात पदराशी गेला.

“तुमचे यजमानही शिकतात का इथं?” त्यांनी विचारलं.

“…होय.”

“पडत वगैरे नाहीत ना?”

“नाही. अजून नाही.”

“जपा हं त्यांना. माझा आज पहिलाच दिवस आहे, पण सांगतो, वरून जमीन फार लांब दिसते.”

घोडीनं पाणी पिऊन मान झटकली. सुभेदारांनी दोरी ओढली. टापा लांब गेल्या.

आत्यांनी पॅड मांडीवर ठेवलं.

“मास्तर नेमकं बोलला.”

“काय?”

“लढाईवरून घोडं रिकामं परत आलं, की दारातल्या बाईनं काय समजायचं, ठाऊक आहे ना?”



“आत्या!”

“दर धड्याला एक रिकामं घोडं देवापुढं. चंपाषष्ठीपासून.”

“असं नका हो बोलू… माझ्या मनातसुद्धा नव्हतं. उलट मी तर त्यांच्या आयुष्यासाठीच…”

“तुझं घोडं पेंड खातंय कुठं, ते सांग आधी. त्यांना का काढत नाहीस?”

“नाव घेत नाही, तिथं चित्र कसं काढू?”

“नाव घेत नाहीस?”

“सासूबाईंनी उंबरठ्यावरच सांगितलं होतं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, की त्याचं आयुष्य कमी होतं.” वैदेहीची मान जरा उंच झाली. “उभ्या संसारात एकदाही जीभ घसरू दिली नाही, आत्या. भांडणात नाही, तापात नाही. बाळंतपणात बायका काय काय ओरडतात. मी नाही ओरडले.”

“उखाण्यात?”

“उखाण्यात घेतलं की. तिथं चालतं.”

“तिथं आयुष्य कमी होत नाही वाटतं?”

“तिथं… आडून असतं ना ते. आधी चांदीचं ताट येतं, तुळशीवृंदावन येतं, मग हळूच नाव.”

“बरं. देवाचं नाव तरी घेतेस का?”

वैदेही घुटमळली. खरी पंचाईत तीच होती. कुलदैवताचं एक नाव आणि यजमानांचं नाव एकच. आरतीत देवाचं ते नाव आलं, की तिचे ओठ मिटत. सगळं घर म्हणत राही आणि तेवढ्या एका शब्दाला ती गप्प. कुणाच्या लक्षात येऊ नये, म्हणून त्या जागी टाळी जोरात वाजवी.

तिनं ते सांगितलं.

आत्या आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

“म्हणजे देवालाही तू टाळीच वाजवून दाखवलीस.”

वारा आला आणि ताटलीतल्या वाती हलल्या. वैदेहीनं उगाच त्या सरळ केल्या.

“घरी हाक कशी मारतेस त्यांना?”

“अहो.”

“ओ देतात?”

वैदेहीनं नकारार्थी मान हलवली.  मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिनं सांगितलं.

गेल्या आठवड्यात धडा संपल्यावर ते घोडीवरून उतरले आणि चालायला लागले. घराकडं नाही, दरीकडं. माळ जिथं संपतो तिथं कठडा नाही, काही नाही. ती मागून धावली. “अहो! अहो!” करत धावली. सुभेदारांनी मान वळवली. वाटेनं जाणाऱ्या दूधवाल्यानं सायकल थांबवली. खालच्या शेतातल्या एका माणसानंही वर पाहिलं. जगातल्या सगळ्या नवऱ्यांनी ओ दिली.

त्यांनी दिली नाही.

सुभेदारांनी पळत जाऊन धरलं म्हणून…

“डॉक्टरबाईंनी कधीच सांगितलं होतं,” वैदेही म्हणाली. “नावानं हाक मारत जा. माणूस सगळं विसरतो, पण स्वतःच्या नावाला बरेच दिवस ओ देतो. रोज कानावर पडू दे.”

“मग?”

“नाही मारली.”

“दुसरं कुणी मारतं?”

“कोण मारणार? सासूबाई गेल्या. थोरले दीर गेले. मुलगी परदेशातून फोन करते, ती बाबा म्हणते. बाकी सगळ्यांचे ते सर.”

ती ओट्याच्या कोपऱ्यावर चढत गेलेल्या उन्हाकडं बघत राहिली.

“मला वाटलं, मी नाव राखतेय. त्यांच्यासाठी जपून ठेवतेय. आणि आत्या, जपता जपता… ते त्यांच्यापाशीच उरलं नसेल तर?”

आत्यांनी एक वात वळून ताटलीत टाकली.

“माझं वैदेही हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तांदळाच्या ताटात, अंगठीनं लिहून. माहेरी मी शकू होते. शकू म्हणणारं आता कुणी उरलं नाही. आणि ज्यांनी वैदेही लिहिलं, त्यांच्या लेखी मी चित्रवाल्या बाई. मग मी… मी आता कोण हो, आत्या?”

“ते मी सांगू?”

“तुम्ही नाही तर कोण सांगणार?”

“मी वाती वळते.”

वैदेहीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आत्यांनी तिला थोपटलं नाही, पाणी दिलं नाही. त्यांनी पॅड पुन्हा उचललं.

“ही पाठ बघ.”

वैदेहीनं पदरानं डोळे पुसले.

“मी रोज इथून ही घोडी बघते. मोकळी चरत असली, की पाठ अशी नसते. ही दबलीय. बघ, टेकलेला पायसुद्धा रोवून टाकलाय. ओझं असल्यासारखा.”

“मी दिसलं तसं काढलं…”

“आणि हा कान. पुढं नाही, मागं वळलाय. घोडं कान मागं कधी वळवतं?”

“…वर बसलेलं माणूस काही बोलत असलं की.”

“मग?”

वैदेही कागदाकडं बघत राहिली. इतके दिवस काढत होती. तिला दिसलं नव्हतं.

आत्यांनी राखेचं बोट घोड्याच्या पाठीवर टेकवलं. मांडीनं जिथं धरायचं, नेमकं तिथं. बोट उचललं. कागदावर राखाडी ठसा राहिला, वरून निमुळता, खाली रुंद. माणूस बसावा तसा.

“मी नव्हतं काढलं त्यांना,” वैदेही हळूच म्हणाली.

“तू नाही काढलंस. घोड्यानं काढलंय.”

…

“हाही उखाणाच की तुझा,” आत्या म्हणाल्या. “सगळं आडून. जन्मभर आडून.”

त्यांनी पॅड खाली ठेवलं, कापूस झटकला आणि मैदानाकडं बोट केलं.

“जा. नाव घे.”

“आत्या… आयुष्य…”

“कुणाचं?”

 मैदानात गोल फिरणाऱ्या पांढऱ्या डोक्याकडं वैदेहीनं पाहिलं. मांड खरंच सुटली होती. गुडघे बाहेर आले होते, खांदे एका बाजूला झुकले होते. खोगिरावर माणूस नव्हे, कुणीतरी वाळत घातलेला सदरा असावा, तसे ते दिसत होते.

ती उठली. ओट्याच्या पायऱ्या उतरून गडग्यापाशी गेली. तापलेल्या दगडांवर तिनं दोन्ही हात ठेवले.

ओठ मिटले. आरतीत मिटत, तसेच.

हात आपसूक टाळीला उचलले गेले. तिनं ते पुन्हा दगडावर दाबून धरले.

“मार्तंडराव…”

उखाण्यातला आवाज. बायका दार अडवून उभ्या असताना निघतो तसा, लाजरा. गडग्याच्या पलीकडंसुद्धा तो गेला नाही.

“उखाणा नको,” मागून आत्या म्हणाल्या.

वैदेहीनं डोळे मिटले.

“मार्तंड!”

मागं राव नाही, पुढं चांदीचं ताट नाही. नुसतं नाव. ते माळावरून धावत गेलं आणि दरीच्या पलीकडून परत आलं. सुभेदार गर्रकन वळले. हातातली दोरी त्यांनी घट्ट धरली.

घोडीवरचे गृहस्थ वळले नाहीत.

ती बघत राहिली. मान हलेल, खांदा हलेल. अजून हलेल…

कोयनेचा एक कान वळला. मग दुसरा. घोडी चालता चालता थबकली आणि गडग्याकडं तोंड करून उभी राहिली.

यजमानांना नवल वाटलं. त्यांनी खाली वाकून तिच्या मानेवर थोपटलं. वारा इकडंच येत होता, त्यामुळं शब्द स्पष्ट ऐकू आले.

“चल गं. ती हाक आपल्याला नाही.”

वैदेही गडगा धरून खाली बसली.

सुभेदारांनी दोरी ओढली नाही.  ऊन होतं, वारा होता, घोडीच्या शेपटीचा आवाज होता.

आत्या सावकाश उठल्या. पायऱ्या उतरून आल्या. राखेचा ठसा असलेला तो कागद त्यांनी वैदेहीच्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिल तिच्या मुठीत दिली. मूठ मिटेना, तेव्हा आपल्या राखाडी हातानं मिटवली.

घोडी अजून तशीच उभी होती. दोन्ही कान इकडं.

आत्या म्हणाल्या, “घोडीनं ऐकलं गं.”